चौथी वायर

ज्याला गाता येत नाही पण गाणं कळतं, अशा माणसाला आपल्या भाषेत कानसेन म्हणतात. ही गोष्ट ज्या मेकॅनिकची, त्याला गाणंही कळत नव्हतं. कुठे बँड वाजायला लागला की तो मागच्या रांगेतल्या एका ढोलाचं कातडं सैल आहे म्हणून जाहीर करायचा, आणि त्याच्या दृष्टीने गाणं तिथेच संपायचं. तरी सगळे त्याला कानसेनच म्हणत, कारण इंजिनाच्या बाबतीत त्याच्या कानाचा हात धरणारा कोणी नव्हता.

त्याचं हत्यार म्हणजे हातभर लांबीचा एक स्क्रू ड्रायव्हर. पिवळी मूठ, काळा पडलेला दांडा. चालू इंजिनावर टोक टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची, डोळे मिटायचे आणि मान डावीकडे कलती करायची. मग तो इंजिनावरची एकेक जागा चाचपत जायचा. इथे टॅपेट कडकडतंय, इथे पंपाचं बेअरिंग रडतंय, इथे काही नाही, तुम्हाला भास होतोय. मान कलती असताना गॅरेजमध्ये कोणी शिंकलेलं त्याला खपत नसे.

लोक त्याच्याकडे गाड्यांबरोबर मिक्सर आणायचे, पंखे आणायचे. एकदा एक म्हातारे गृहस्थ शर्टाची बटणं सोडून समोर उभे राहिले आणि म्हणाले, जरा ऐक बरं, डॉक्टरवर माझा विश्वास नाही. कानसेनने स्क्रू ड्रायव्हर छातीला लावला, मान कलती केली आणि सांगितलं की आयडलिंग जरा कमी आहे, पण ह्या वयात ते तसंच राहू द्या. म्हातारे इतके खूश झाले की पुढची कित्येक वर्षं मेलेच नाहीत.

ह्या माणसाची गोष्ट कळायला इंजिनाबद्दल एवढंच कळलं तरी पुरे. चार सिलिंडरचं इंजिन म्हणजे चौघांनी पाळीपाळीने धक्का द्यायचा. चौघांतल्या एकाने हात काढून घेतला तरी बाकीचे तिघे रेटत राहतात, पण गाडी उभ्या जागी थरथरते, गचके खाते. ह्याला मिसिंग म्हणतात. कामचुकार कोण, ते शोधायची रीत सोपी आहे. इंजिन चालू ठेवायचं आणि पक्कडीने एकेका प्लगची वायर उपसायची. वायर निघाल्यावर इंजिन लंगडलं, तर तो सिलिंडर बिचारा इमानदारीने काम करत होता, वायर परत लावा. आणि वायर काढूनही इंजिनाला ढिम्म फरक पडला नाही, तर तोच तो. असून नसल्यासारखा. कानसेनच्या तोंडी ह्याहून मोठी शिवी नव्हती.

आता एका गोष्टीपुढे त्यानेही हात टेकले होते. बाहेर बोंबलणारी गाडी मेकॅनिकपुढे आली की आवाज करत नाही. एका फोटोग्राफरची जुनी गाडी अशीच होती. संध्याकाळी सिग्नलला उभी राहिली की तिला अशी थंडी भरायची की आरसे हलायचे. गॅरेजमध्ये आली की गुणी बाळ. कानसेन म्हणाला, गाडी मेकॅनिकला ओळखते, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. फोटोग्राफर चिडला. पुढच्या खेपेला त्याने पुरावा म्हणून थरथरणाऱ्या गाडीचा फोटो काढून आणला. फोटोत सगळं पुसट दिसत होतं. कानसेनने तो उजेडात धरून बराच वेळ पाहिला आणि म्हणाला, तुमचा हात हलला असेल. शेवटी असं ठरलं की गाडी थोडे दिवस कानसेनच्या घरासमोर उभी ठेवायची. थंड पडलेली गाडी सकाळी चालू केली की ती बेसावध असते, तेव्हा आवाज पकडता येतो. फोटोग्राफरला हे पटलं नाही, पण किल्ली देऊन तो निघून गेला.

गॅरेजमध्ये कानसेन मोठा गप्पिष्ट माणूस. गाडीखाली आडवा पडूनही किस्से सांगायचा. गिऱ्हाइकं काम झाल्यावरही रेंगाळायची. घरी मात्र प्रकार वेगळा होता.

घरी चौघं. कानसेन, त्याची बायको, त्याची आई आणि कॉलेजात जाणारी मुलगी. बायको घरी पडदे शिवून द्यायची, आई टीव्हीवरच्या माणसांना सुधारायची आणि मुलगी फोनवर हसायची. संध्याकाळी कानसेन घरात शिरला की दारातच त्याची मान कलती व्हायची. स्क्रू ड्रायव्हर नसायचा, पण सवय ती सवय. शिलाई मशीन ऐकून तो म्हणायचा, बॉबिनखाली दोरा गुंतलाय. आई खुर्चीतून उठली की म्हणायचा, डावा गुडघा, वंगण संपलंय. मुलगी फोनवर हसली की म्हणायचा, हे हसू वरच्या वर आहे, आतून काहीतरी बिनसलंय. आणि पंचाईत अशी की तो चुकायचा नाही. दोरा गुंतलेलाच असायचा, गुडघा डावाच असायचा, आणि मुलीचं खरोखरच कोणाशी तरी वाजलेलं असायचं. चुकीच्या माणसाशी भांडता येतं. कायम बरोबर असणाऱ्या माणसापुढे गप्प बसण्याखेरीज करणार काय?

मग हळूहळू असं झालं की फाटकाची कडी वाजली की मशीन थांबायचं. आई उठायचीच नाही. मुलगी खोलीत जायची. एका संध्याकाळी सगळे जेवायला बसले होते. आई म्हणाली, भाजीला मीठ कमी आहे. बायको म्हणाली, कमीच घातलंय, तुम्हाला वर्ज्य आहे. मुलगी म्हणाली, आजी, लोणचं घे. मग एक रिकामा ठोका गेला. पुन्हा आई बोलली, बायको बोलली, मुलगी बोलली, आणि पुन्हा रिकामा ठोका. कानसेनचा घास हातातच राहिला. हा आवाज त्याला झोपेतही ओळखता आला असता. घर मिसिंग करत होतं.

एवढी वर्षं दुसऱ्यांच्या गाड्यांना कान लावून बसला आणि स्वतःचं घर तीन सिलिंडरवर चाललंय ह्याचा पत्ता नाही. कोण आहे असून नसल्यासारखं? आई थकली का? बायकोचं मन उडालं का? मुलगी परकी व्हायला लागली का? सरळ विचारता आलं असतं. पण मेकॅनिक गाडीला विचारत नाही. मेकॅनिक वायर काढतो.

पहिली वायर आईची काढायची ठरली. त्याने बहिणीला फोन करून आईला थोडे दिवस तिच्याकडे बोलावून घ्यायला लावलं. आईने विचारलं, माझं काय चुकलं? काही नाही, हवापालट, असं म्हणून त्याने तिची पिशवी भरली. आई गेली त्या दिवशी दूध उतू गेलं, कारण दूध दूध म्हणून ओरडायचं काम तिचं होतं. फाटक उघडं राहिलं आणि कोणाची तरी शेळी येऊन नव्याने शिवलेल्या पडद्याची कड खाऊन गेली. टीव्हीवरची माणसं बेताल बोलू लागली, त्यांना कोणी अडवेना. घराने चांगलाच गचका खाल्ला. करपलेल्या दुधाच्या वासात कानसेन प्रसन्न चेहऱ्याने उभा होता. बायकोने विचारलं, एवढं काय छान झालंय?

आई परत आली आणि त्याने मुलीला मामाकडे धाडलं. तेव्हा असं उघडकीला आलं की आई आणि बायको इतकी वर्षं एकमेकींशी जे बोलत होत्या, ते सगळं मुलीबद्दल होतं. मुलगी नाही म्हटल्यावर दोघी समोरासमोर बसून भिंतीकडे बघू लागल्या. मग दोघींनी मिळून तिला इतके फोन केले की मामाने स्वतःचा फोन बंद करून ठेवला. म्हणजे हाही सिलिंडर ठणठणीत.

बायकोची वायर काढली तेव्हा तर इंजिन बंदच पडलं. ती भावाकडे गेली आणि घरात कोणाला काही सापडेना. पडद्याची गिऱ्हाइकं आली, त्यांना आईने एक सांगितलं आणि मुलीने दुसरंच. एकजण तर दुसऱ्याचे पडदे घेऊन गेला आणि त्यालाच ते आवडले. बायको परतली तेव्हा बाहेरच्या खोलीत मधोमध पाण्याने भरलेली एक बादली होती. ती तिथे का आहे, हे तिघांपैकी एकालाही सांगता आलं नाही. बायकोने बादली उचलून मोरीत ठेवली आणि घर त्या क्षणी सुरू झालं.

तीन वायरी झाल्या, तिन्ही सिलिंडर जिवंत. चार वजा तीन हे गणित मांडायला गॅरेज टाकावं लागत नाही. कानसेन अंथरुणात पडून छताकडे बघत राहिला. असून नसल्यासारखा. लोकांच्या सिलिंडरला तो किती सहज म्हणायचा हे. पण तो हाडाचा कारागीर होता. वायर न काढता निकाल द्यायचा नाही, हा त्याचा नेम होता, आणि स्वतःच्या सोयीसाठी तो मोडणं त्याला बरं वाटेना.

अडचण एवढीच की वायर तर निघाली पाहिजे आणि कान तर घराजवळ राहिला पाहिजे. ह्यावर त्याने जो तोडगा काढला तो दुसऱ्या कोणाला सुचला नसता, आणि सुचला असता तर त्याने तो कोणाला सांगितला नसता.

पार्ट आणायला बाहेरगावी जातोय, असं त्याने घरी सांगितलं. बायकोने बॅग भरून दिली. आई म्हणाली, नीट जा. मुलीने फोनमधून मान वर करून हात हलवला. परत कधी येणार, हे कोणी विचारलं नाही. ते त्याला लागलं, पण ते त्याने चाचणीचा भाग म्हणून सोडून दिलं. बॅग घेऊन तो कोपऱ्यापर्यंत गेला, गॅरेजमध्ये दिवस काढला आणि ऊन उतरल्यावर मागच्या गल्लीने येऊन फोटोग्राफरच्या गाडीत शिरला. गाडी कुंपणाला लागूनच उभी होती. झोपायला गॅरेज होतंच. प्रश्न संध्याकाळचा होता, कारण घर काय ते संध्याकाळी चालतं.

इंजिनात कुठून हवा गळत असेल तर ती शोधायला मेकॅनिक रबरी नळी वापरतात. एक टोक कानात, दुसरं टोक फिरवायचं. कानसेनने गॅरेजमधल्या जुन्या नळ्या एकीला एक जोडल्या आणि आदल्या दुपारी सगळे झोपलेले असताना कुंपणाच्या बुडातून, भिंतीच्या कडेने, स्वयंपाकघराच्या खिडकीतल्या कुंडीपर्यंत नेऊन ठेवल्या होत्या. एक टोक तुळतुळीत पानांच्या झाडामागे, दुसरं गाडीच्या काचेच्या फटीतून त्याच्या कानात. मागच्या सीटवर अंग चोरून तो बसला, डोळे मिटले आणि मान कलती केली.

घर चालू होतं. आणि काय चालू होतं! आई तिच्या लहानपणी विहिरीत पडलेल्या एका मास्तरांची गोष्ट सांगत होती, जी कानसेनने जन्मात ऐकली नव्हती. बायको गुणगुणत होती. बायको गुणगुणते, हेच त्याला माहीत नव्हतं. मशीनचा आवाज मध्येमध्ये अडखळत होता, दोरा बहुतेक गुंतला होता, पण कोणाला त्याचं काही पडलं नव्हतं. मग मुलीचा आवाज आला, अगदी जवळून, अगदी स्वच्छ. कानसेनला आपल्या नळीचा अभिमान वाटला.

मुलगी सांगत होती की ती महिनाभर गाडी चालवायच्या क्लासला जातेय. सिग्नलला तिची गाडी हमखास बंद पडते. क्लासच्या मास्तरांनी तिचं नाव बंद ठेवलंय. बंद आली का, बंदला पुढे बसवा, असं चालतं. आई आणि बायको हसून बेजार झाल्या. मग बायकोने विचारलं, अगं, पण घरचा मेकॅनिक सोडून बाहेर कशाला शिकतेस? आणि मुलगी म्हणाली, "बाबा शेजारी बसले की ते गिअर ऐकतात. मी बोलते ते नाही ऐकत."

कानसेनने नळी कानातून काढली. थोड्या वेळाने परत घातली. मेकॅनिकच्या पोरीने दुसऱ्याच्या हाताखाली क्लच शिकावा, ह्यापेक्षा तिने पळून जाऊन लग्न केलं असतं तर त्याला कमी लागलं असतं.

दुसऱ्या संध्याकाळी घर आणखीच रंगात आलं. इतकं हसू त्या घरात होतं, ह्याची त्याला कल्पना नव्हती. मध्येच तिघी एकदम गप्प व्हायच्या, काहीतरी कुजबुजायच्या आणि पुन्हा हसण्याचा स्फोट व्हायचा. कानसेन आपल्या रुमालातली बिस्किटं खात ऐकत राहिला आणि त्याचा जीव खालीखाली जात राहिला. कारण कारागीर म्हणून त्याला एक गोष्ट पक्की ठाऊक होती. मेलेल्या सिलिंडरची वायर काढली तर इंजिनाला फरक पडत नाही. पण वायर काढल्यावर इंजिन सुधारलं, असं त्याने हयातीत पाहिलं नव्हतं. म्हणजे तो मेलेला सिलिंडरही नव्हता. तो चाकाला घासणारा ब्रेक होता. एवढी वर्षं त्या तिघी त्याला फरफटत ओढत होत्या, आणि तो मात्र त्यांच्या धापा ऐकून त्यांनाच दोष सांगत बसला होता. त्याला रडू आलं. मोठा माणूस, मागच्या सीटवर, कानात नळी, हातात बिस्किट.

त्याने ठरवलं की आपण गॅरेजमध्येच राहायचं. ह्यांचं चांगलं चाललंय, चालू दे. तो चाचपडत पुढच्या सीटवर आला आणि डोळे पुसत किल्ली फिरवली. नळी कानातच राहिली होती.

गाडी चालू झाली आणि थरथरायला लागली. आरसे हलले. पुढच्या काचेवरची फोटोग्राफरची लटकती बाहुली नाचायला लागली. मिसिंग! तेच ते, ज्याच्यासाठी त्याने इतके दिवस रोज सकाळी फुकट कान टवकारले होते. गाडीला बहुधा वाटलं की समोर बसून रडणारा हा माणूस मेकॅनिक असूच शकत नाही. कानसेनचे अश्रू वाळले. बॉनेट उघडायला त्याचे हात शिवशिवले, पण उघडायचं म्हणजे उतरायचं, आणि उतरायचं म्हणजे दिसायचं.

तेवढ्यात त्याच्या कानात, अगदी कानाच्या पडद्यावर, त्याच्या आईचा आवाज आला.

"अरे, गाडी हलतेय. उतरून बघ ना."

कानसेनने मागच्या सीटकडे वळून पाहिलं.

"आणि बिस्किटं संपली असतील तर जेवायला ये," नळी म्हणाली.

तो उतरला तेव्हा तिघी फाटकाशी उभ्या होत्या. मुलीने पाहिलं तर तिला आधी हसू आलं आणि मग बापाचे लाल डोळे दिसल्यावर ते मावळलं. कधीपासून माहीत आहे, असं त्याने विचारलं. पहिल्याच संध्याकाळपासून, बायको म्हणाली. तो दार उघडून गाडीत बसला की आतला दिवा लागायचा आणि ते दार नीट ओढेपर्यंत अख्ख्या गल्लीला दिसत राहायचा. शिवाय आईने कुंडीला पाणी घालताना नळी पाहिली होती. तिला आधी तो साप वाटला. मग सापाचं दुसरं टोक कुठे जातं ते बघून आल्यावर तिघींचा जो बांध फुटला, तो काही केल्या थांबेना. तो ज्या हसण्यावर रडत होता, ते हसू त्याचंच होतं.

"तुला नीट ऐकू यावं म्हणून मी खुर्ची खिडकीशी ओढून घेतली," आई म्हणाली. "मास्तरांची गोष्ट तुझ्यासाठीच सांगितली. तू कधी बसतोस होय ऐकायला?"

कानसेनने मुलीकडे पाहिलं. ती कुंपणाची काडी मोडत होती. म्हणाली, "क्लासचं मी तुम्हालाच सांगत होते, बाबा. नळीत तुम्हाला मध्ये बोलता येत नव्हतं ना."

म्हणजे वायर निघालीच नव्हती. पक्कड ओढल्यासारखी वाटली, पण वायरीची टोपी प्लगवर होती तशीच बसलेली होती. सगळी चाचणी बाद. इतका आनंद त्याला एखादी चाचणी बाद झाल्याचा कधी झाला नव्हता, पण तो बोलून कसा दाखवायचा ते त्याला सुचेना. म्हणून त्याने बॉनेट उघडलं. गाडी अजून थरथरतच होती.

संधिप्रकाश होता, हवेत ओल होती. इंजिनाच्या कुशीत काहीतरी निळं चमकलं. पुन्हा चमकलं. चौथ्या प्लगच्या वायरीच्या सालीला एक बारीक चीर गेली होती आणि त्या चिरेतून ठिणगी शेजारच्या लोखंडावर टिकटिक उड्या मारत होती. सकाळच्या उन्हात, कोरड्या हवेत ती दिसणार नव्हती आणि उडणारही नव्हती. संध्याकाळी दव पडलं की तिला वाट फुटायची. तिघी वाकून बघत राहिल्या.

"मेलाय का तो चौथा?" बायकोने विचारलं.

"नाही. करंट आहे. पण आत पोचत नाही. बाहेरच उडून जातो."

"कुठे बाहेर?"

"जिथे त्याचं काही काम नाही तिथे."

गॅरेजमध्ये तो किती बोलतो, हे बायकोला गिऱ्हाइकांकडून कळायचं. गाडीखाली पडून सांगितलेल्या किश्शांवर परकी माणसं रेंगाळायची, आणि घरी यायचा तेव्हा नुसता कान यायचा. "मग चीर बुजवा की," ती म्हणाली. तिने मशीनच्या खणातून काळी चिकटपट्टी आणून दिली. कानसेनने इंजिन बंद करून वायर पुसली आणि चिरेवर पट्टीचे वेढे दिले. आईने त्याचं होईपर्यंत पट्टीचं रीळ धरलं आणि झाल्यावर उरलेला तुकडा त्याच्या मनगटावर चिकटवला. हे कशाला, त्याने विचारलं. राहू दे, आई म्हणाली, तुझी चीर कुठे आहे ते काही मला दिसत नाही, अंदाजाने लावलीय.

त्याने गाडी पुन्हा चालू केली. इंजिन शांत चालत होतं. आरसे स्थिर झाले. आता गाडी थोडी फिरवून बघायला हवी होती, तो कामाचा रिवाज आहे. कानसेनने स्टिअरिंगकडे जाणारं पाऊल मागे घेतलं, वळसा घालून शेजारच्या सीटचं दार उघडलं आणि आत बसला. मुलगी उभीच राहिली. गिऱ्हाइकाची गाडी आहे, ती म्हणाली. त्याने नुसती किल्लीकडे मान केली. आई आणि बायको मागे बसल्या, कारण असा प्रसंग सोडायला त्या काही वेड्या नव्हत्या.

गाडी निघाली. पहिल्याच कोपऱ्यावर मुलीने क्लच पुरता न दाबता गिअर ओढला आणि गिअरबॉक्समधून असा आवाज आला की एका घराच्या गॅलरीत दोन माणसं बाहेर आली. कानसेनच्या मानेचे स्नायू ताठ झाले. मान डावीकडे जायला निघाली. त्याने मनगटावरची काळी पट्टी दुसऱ्या हाताने घट्ट धरली आणि मान सरळ ठेवली.

"आवाज आला वाटतं," आई म्हणाली.

"गल्लीभर आला," बायको म्हणाली.

"बाबा, तुम्हाला आला?" मुलीने रस्त्यावरून नजर न हलवता विचारलं.

मग एक ठोका गेला. मागच्या दोघी थांबल्या. मुलगीही थांबली.

"कसला?" कानसेन म्हणाला. "मी मास्तरांचा विचार करत होतो. आई, ते विहिरीतून बाहेर कसे आले, ते सांगायचं राहिलंय."